मंदी फक्त कामगारालाच?
‘मंदीत नोकरकपात अटळच’ हे लेखातलं वाक्य वाचलं आणि २००९ आठवलं. कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत होतो तेव्हा. एका सोमवारी गेटवरच वॉचमननं ४० जणांचे पास काढून घेतले. सगळे ठेकेदाराचे. आठ-दहा वर्षं त्याच भट्टीवर, पण कागदावर कंपनीचे नव्हेतच. कायम कामगाराला काढताना निदान नोटीस, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. हे ठेक्यावरचे ४० जण मात्र भरलेला डबा तसाच घेऊन घरी गेले. १०० कामगार असले की कपातीला सरकारची परवानगी लागायची, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं, म्हणजे नव्या कामगार कायद्यानं, तो आकडा ३०० वर नेला. आमच्या लाईनीत तेवढे कामगार असलेले कारखाने किती, बोटावर मोजा! आणि हो, त्याच दिवाळीत मालकांची नवी गाडी आली. पेढे मात्र आम्हालाही वाटले.