वजन बघता, खिसा कोण बघणार?

तुमच्या लेखात ‘निर्भीक’ ही रिव्हॉल्व्हर ५०० ग्रॅमची, म्हणून रोज जवळ बाळगायला तीच उत्तम, असं म्हटलंय. मी तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांना रोकड घेऊन जातो, परवान्याची .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर बारा वर्षं वापरतोय. वजनावर भुलू नका, कळकळीनं सांगतो. जड पोलादी रिव्हॉल्व्हर बार उडताना धक्का स्वतःच झेलते, हलकी तो तुमच्या मनगटावर सोडते. ‘निडर’ ही दुसरी रिव्हॉल्व्हर तर २५० ग्रॅमचीच, पण ती .२२ ची, म्हणजे लहान गोळीची, हे विसरू नका.

आणि खिसा! एप्रिलमध्ये सदऱ्याचा घाम, त्यात बाजारातली धूळ. एकदा घरी येऊन काडतुसं काढली तर ती बसतात तो सिलिंडर अडखळत फिरत होता, मागच्या फटीत सुताचे तंतू आणि चिकट काळं किटण. तेव्हापासून दर रविवारी कापड, ब्रश, थेंबभर तेल. त्या खिशात किल्ली, सुटे पैसे काहीच नाही. चाप पूर्ण झाकणारं चामड्याचं कव्हर हवंच. मागचा उघडा घोडा (हॅमर) कापडात अडकतो, तेव्हा रिकामी करून तोच सदरा घालून शंभरदा काढून बघा, मग पैसे मोजा.

परवाना आता ५ वर्षांचा असतो, पण निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. पावती जपा.

घरात लहान पोरं असतील तर आधी कुलपाची पेटी घ्या हो, रिव्हॉल्व्हर नंतर.