वरची काढली की डोळा जातो

काल लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “तब्येत सुधारली हं तुमची!” सुधारला होता तो फक्त उजवा गाल. एकाच बाजूने बाळसं धरलेला माणूस बघून कुणाला तरी शंका यावी की नाही?

शुक्रवारी वरची दाढ ठणकली. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिलं, मी दोन गोळ्या घेतल्या आणि रविवारी दाढ एकदम गप्प. त्या आनंदात चिक्कीसुद्धा खाल्ली. आतली नस मेली म्हणून ठणका थांबलाय, हे सोमवारी गाल फुगल्यावर कळलं.

दवाखान्यात शेजारी एक आजोबा.

“वरची की खालची?”

तोंड उघडत नव्हतं. मी बोट वर केलं.

“काढू नका! वरची काढली की डोळा जातो.”

त्यांनी खिशातून स्टीलची डबी काढली. मला वाटलं सुपारी. निघाली कवळी! ती समोरच्या मासिकावर ठेवून ते एकेका दाढेवर बोट ठेवत शिकवू लागले. “ही बघा, हिची शीर थेट डोळ्याला. आमच्या मेव्हण्याने काढली, सहा महिन्यांत चष्मा.”

“अय?” मी वय विचारलं.

“कुठलं वय! पंचेचाळिशीच होती.”

मी आधी कवळीकडे, मग त्यांच्या डोळ्यांकडे बोट केलं.

“मोतीबिंदू. दोन्ही. पण ते शुगरमुळे. तुम्हाला शुगर आहे का?”

मधुमेहात असला संसर्ग जास्त चिघळतो, त्यामुळे आत गेल्यावर डॉक्टरांनीही आधी हेच विचारलं. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळपट ठिपका होता. गळू. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली, नस मेली, तिथून जंतू हाडात. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग गोळी तरी कशी पोचणार? पू काढायचा, मग रूट कॅनॉल, नाहीतर दाढच काढायची.

डोळ्याचं विचारलं. काढल्याने काही होत नाही म्हणाले, पण पू तसाच ठेवला तर वरच्या दातांचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढू शकतो. आजोबांनी गणित बरोबर मांडलं होतं, फक्त उलटं. खालच्या दाढेचा पू तर जिभेखाली उतरून श्वास कोंडू शकतो. जर्मनीच्या लुडविग डॉक्टरांनी तसली सूज १८३६ सालीच लिहून ठेवलीय. हे रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचू नये.

पू असलेल्या जागी भूल नीट चढत नाही. हे सुई टोचून झाल्यावर सांगतात. आणि माझ्या मेडिक्लेममध्ये गुडघा बसतो, मोतीबिंदू बसतो, दाढ बसत नाही. दाढ काय गॅलरीतल्या कुंडीत उगवते? हप्ता घेताना तर अख्ख्या माणसाचा घेतात!

बाहेर आलो. आजोबा कवळी बसवून तयार. “काढली?”

मी मान हलवली. नाही.

“शहाणे आहात.”

मासिकाच्या मुखपृष्ठावर नटीच्या गालावर कवळीचा ओला डाग होता. तोही उजव्याच.