आंब्याचं डावं

ओठाच्या कोपऱ्यावर अजून खपली आहे. ऑफिसात विचारतात तेव्हा दाढी करताना कापलं म्हणतो. खरं म्हणजे तो चीक आहे, अस्सल हापूसचा. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फी घेऊन.

'मुलांना कळू दे, आंबा झाडाला लागतो ते,' ही कल्पना बायकोची. मुलांना ते माहीत होतं. तरी माणशी तीनशे भरून 'स्वतः आंबे काढा'वाल्या बागेत गेलो, डोंबिवलीहून गाडीनं. रस्त्याबद्दल एवढंच सांगतो: महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि आमची थोरली जन्मली तीही २०११ साली. थोरली दहावीत गेली, रस्ता अजून रांगतोय. त्यामुळे पोचायला साडेबारा वाजले. आंबा सकाळी दहाच्या आत काढावा, नाहीतर चारनंतर. भर उन्हात काढू नये, असं बागवाल्यानं सांगितलं. पैसे घेतल्यावर. त्याचे गडी केव्हाच सावलीत आडवे झाले होते.

माझ्या हातात घळ दिली. लांब बांबू, टोकाला जाळी. देठ अडकवायचा, हिसका द्यायचा, आंबा जाळीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'नूतन झेला' काढलाय, त्याला पातं असतं, आंबा देठासकट अलगद उतरतो. तो बागेत होता. पण पाहुण्यांना देत नाहीत. "मोडतात," बागवाला म्हणाला. झेल्याबद्दल म्हणाला की पाहुण्यांबद्दल, कळलं नाही.

झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काका बसले होते. बागेचे नव्हेत, ठाण्याचे. आमच्यासारखेच तीनशेवाले. गुडघ्याला पट्टा, हातात कोकम सरबत. गुडघ्यामुळे त्यांचे आंबे गड्यानं सकाळीच काढून दिले होते, तेव्हा आता दिवसभर त्यांना काम नव्हतं.

"डावीकडे घ्या."

मी घेतली.

"तुमचं डावं नव्हे हो. आंब्याचं डावं."

"आंब्याला डावं-उजवं असतं?"

"खांदे असतात ना? मग?"

ह्यावर काय बोलणार! हापूसला खांदे असतात, ते भरले की आंबा तयार, हे मीसुद्धा ऐकलंय. "हा चौदा आणे झालाय, हा काढा. मागचा बारा आणे, त्याला हात लावू नका." एवढ्या खालून कसं कळतं, विचारलं. "छत्तीस वर्षं लोकांचे विजेचे मीटर वाचलेत."

पहिला आंबा जाळीबाहेरून निसटून थेट खाली आपटला.

"एक," काका म्हणाले. मला वाटलं, सहज म्हणाले.

"दोन."

तिसऱ्याच्या वेळी मी आ वासून वर बघत होतो. देठ तुटला, चिकाचा थेंब बरोबर ओठावर. "तोंड मिटून काढतात," काका म्हणाले. "तीन." तोवर धाकटा माझी पिशवी टाकून त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन बसला होता.

मग हिशेब. आपटलेला आंबा आतून सडतो, पेटीत चालत नाही. म्हणून तो पाहुण्यानं विकत घ्यायचा, असा बागेचा नियम. किती पडले? "असतील पाच-सहा," बायको म्हणाली, धाकट्याचं वय ती एसटीत ज्या आवाजात सांगते त्या आवाजात.

"अकरा." खुर्चीतून. "शेवटचा फांदीत अडकून मागाहून पडला. ह्यांचं लक्ष नव्हतं."

"हो, अकरा," आमचा धाकटा.

आमच्या बिल्डिंगखालचा आंबेवाला कर्नाटकचा माल देवगड म्हणून खपवतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कोकणपट्टीतल्या पाच जिल्ह्यांपुरतं. त्याच्या हातगाडीपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. पण तो 'दादा' म्हणतो, डझनावर एक वर घालतो, आणि मला झाडाखाली उभं करत नाही. इथे तिकीट माझं, पेट्रोल माझं, मजुरी मी करायची, आणि दर त्याच्यापेक्षा डझनाला दोनशेनं जास्त. गड्याला निदान रोज मिळतो. मला 'अनुभव' मिळाला. पावतीवर तसं छापलंय.

निघताना काकांनी नंबर घेतला. "पिकले की कळवा."

पलंगाखाली पेंढ्यात आढी घातली आहे. वास सुटलाय, पण तो नुसता आंब्याचा नाही. आज सकाळी काकांचा मेसेज: गुलाबाचं चित्र, सुप्रभात, खाली 'किती सडले?' मी आंघोळीला गेलो होतो. धाकट्यानं माझ्या फोनवरून उत्तर देऊन टाकलं: 'नऊ.'

लगेच उलट मेसेज आला. 'अकरा पाहिजेत. नीट बघा.'