नास्तिक हाच शब्द मी का घेतला

माझ्या ओळखीतले देव न मानणारे बहुतेक जण स्वतःला 'अ‍ॅग्नॉस्टिक' म्हणवतात, म्हणजे देव आहे की नाही हे ठाऊक नाही असं म्हणणारे. मराठीत 'अज्ञेयवादी' म्हणायला जीभ अडखळते आणि 'नास्तिक' म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून हा मधला शब्द. यावर मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. दोन्हींतला कुठला शब्द घ्यायचा हे आपण विचार करून ठरवतो असं म्हणतो खरं, पण घरात कुणाला काय सोसावं लागेल यावरच ते जास्त ठरतं, असं माझं ठाम मत झालंय.

आधी विचाराचं बोलू. अ‍ॅग्नॉस्टिक हा शब्द थॉमस हक्स्ली यांनी १८६९ मध्ये घडवला. डार्विनची बाजू घेऊन बिशपांशी जाहीर वाद घालणारे हे जीवशास्त्रज्ञ. ज्याचा पुरावा देता येत नाही ते आपल्याला नक्की ठाऊक आहे असा दावा करू नये, 'आहे' असाही नाही आणि 'नाही' असाही नाही, हे त्यांचं सांगणं. फार कडक शिस्त आहे ही. आपल्याकडे तिचं 'असेलही, नसेलही, कशाला वाद' असं होऊन बसलंय, याचं मला वाईट वाटतं.

बर्ट्रांड रसेलनी १९४७ मध्ये हा पेच छान सोडवला होता. तत्त्वज्ञांसमोर बोलायचं तर मी अज्ञेयवादी, कारण देव नाही हे सिद्ध करणारा युक्तिवाद माझ्याकडे नाही. पण साध्या माणसाला माझं खरं मत कळावं असं वाटत असेल तर नास्तिक म्हणायला हवं. कारण झ्यूस आणि पोसायडन नाहीत हेही मला सिद्ध करता येत नाही, तरी ते असतील असं धरून मी काही जगत नाही. मला हे तंतोतंत पटतं. देव आहे की नाही हे तुला ठाऊक आहे का? नाही. तू देव मानतेस का? नाही. दोन वेगळे प्रश्न, दोन्हींना माझं एकच उत्तर, आणि म्हणून दोन्ही लेबलं मला एकदमच लागू पडतात. चारचौघांत त्यातलं कुठलं सांगायचं, एवढंच ठरवायचं उरतं.

आमचे एक काका नेहमी नासदीय सूक्ताचा दाखला देतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त. ही सृष्टी कुठून झाली हे परमाकाशात बसलेला तिचा अध्यक्ष जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नसेल, असा त्याचा शेवट आहे. 'बघ, वेदांनीसुद्धा शंका घेतलीय, मग तू कशाला टोकाला जातेस?' हे काकांचं म्हणणं. ते सूक्त माझं अतिशय आवडतं आहे. पण इतक्या शतकांत त्या शंकेनं कुठल्या घरातलं सोवळं सुटलं?

मवाळ शब्द घेतला की लोक सांभाळून घेतात, हाही एक समज आहे. आगरकरांचं उदाहरण घ्या. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून घडलेला माणूस; अभ्यासक त्यांना अज्ञेयवादी म्हणतात. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तेव्हा हा अज्ञेयवादी की नास्तिक असा बारकावा कुणी पाहिला नाही. नरेंद्र दाभोलकर तर जन्मभर सांगत राहिले की देवाधर्माला अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. समितीत देव मानणारे कार्यकर्तेही होते. चळवळीसाठी ती भूमिका मला योग्यच वाटते. तरी त्यांना धर्मद्रोही म्हटलं गेलंच, आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

आता जे खरं बोलायचंय ते. पुरुषाचं देव न मानणं त्याच्या डोक्यात राहू शकतं. घरी गणपती आले, तो आरतीला मागे उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ले, झालं. बाईचं न मानणं मात्र थेट ओट्यापाशी येऊन ठेपतं. उकड कोण काढणार? गौरींचा पुरणावरणाचा स्वयंपाक सोवळ्यात कोण करणार? त्याच दिवसांत पाळी येणार असेल तर ती पुढे ढकलायची गोळी घ्यायची का? वटपौर्णिमा, हरतालिका, श्राद्धाचं पान, कुणाकडे सवाष्ण म्हणून जेवायला जाणं, यातलं प्रत्येक काम तिच्या अंगावर असतं आणि प्रत्येक वेळी तिला नव्यानं हो किंवा नाही म्हणावं लागतं.

इथे 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द तिच्या काहीच उपयोगाचा नाही. त्यावर लगेच उत्तर येतं, 'नक्की माहीत नाही ना तुला? मग करायला काय हरकत आहे? असलाच देव तर चांगलंच.' लग्नानंतर हे मी कितीतरी जणींकडून ऐकलं, तेही प्रेमानं. तुम्ही शंका बोलून दाखवली की तिचा फायदा रीतीच्या पदरात जातो आणि तुमचे हात कामाला लागतात.

एकदा सासूबाईंनी सरळच विचारलं, 'म्हणजे तू नास्तिक का गं?' मी हो म्हटलं. त्या दुखावल्या, काही दिवस घरात नीट बोलणं नव्हतं. पण त्यानंतर आमच्यात काहीतरी मोकळं झालं. गौरींच्या दिवशी त्या म्हणतात, 'तू भाज्या चिरून दे, पूजेचं मी बघते.' मी चिरून देते, पानं वाढते, पाहुण्यांचं बघते. हे सगळं मी त्यांच्यासाठी करते, हे त्यांनाही ठाऊक आहे. पूर्वी करत होते त्यापेक्षा मनापासून करते.

खेड्यात सासरच्यांवर अवलंबून असलेल्या, किंवा घरमालकाच्या मर्जीवर राहणाऱ्या मुलीनं स्वतःला काय म्हणवावं, हे मी सांगणार नाही. तिनं गप्प राहणंही मला समजतं. माझं म्हणणं माझ्यासारख्यांना आहे, ज्यांना नोकरी आहे, ज्यांचं छप्पर या एका शब्दावर अवलंबून नाही. आपणच मवाळ शब्दाआड राहिलो तर तिच्यासाठी 'नास्तिक' हा शब्द बोलण्याजोगा कधी होणार?

नाव असलं की पाठबळ कसं मिळतं हे पाहायचं तर बौद्ध समाजाकडे पाहावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर आहेत. त्यांना नास्तिक की अज्ञेयवादी हा प्रश्न पडायचं कारणच नाही. त्यांच्याकडे स्वतःचं नाव आहे, लग्न लावण्याची आणि माणूस गेल्यावर निरोप देण्याची रीत आहे, सोबत माणसं आहेत. आपल्यासारखा सुटा माणूस घरात कुणी गेलं की दहाव्याला नदीवर जायचं की नाही हे एकटाच ठरवत बसतो.

त्याच जनगणनेत सगळ्या देशात नास्तिक अशी नोंद जेमतेम ३३ हजार लोकांची, त्यातले साडेनऊ हजारांच्या वर महाराष्ट्रातले. माझा त्या आकड्यावर विश्वास नाही. रकान्यात आडनावावरून धर्म भरून टाकतात आणि आपण काही बोलत नाही. खरं तर कुणालाही धर्म सांगायची सक्ती करता येणार नाही, 'मी कुठल्याच धर्माचा नाही' असं म्हणायचा नागरिकाला हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्येच स्पष्ट केलंय. (ती याचिका करणारे येशूला मानणारे होते, फक्त त्यांना धर्माचं लेबल नको होतं. म्हणजे निधर्मी असणं आणि देव न मानणं या दोन गोष्टी निराळ्या.)

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात आला की बहुतेक घरांत एकच माणूस, बहुधा कर्ता पुरुष, सगळ्यांची उत्तरं देऊन टाकतो. मैत्रिणींनो, त्या वेळी बाहेर या आणि धर्माच्या रकान्यात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही सांगा. मी 'नास्तिक' लिहायला सांगणार आहे. सासूबाईंचं त्या सांगतील.