मामा, टोयोटाचा वाटा दोन टक्के आहे

"सोनी आणि टोयोटाची शंभर टक्के जपानी चिप कंपनी! सरकारचा एक येनही न घेता वीस महिन्यांत कारखाना उभा! आता तिथे २ नॅनोमीटर!" हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. पण परवा मामांचा फोन: "टोयोटाचे शेअर घेऊन ठेवू का रे?"

ही कंपनी म्हणजे दक्षिण जपानात कुमामोतोजवळच्या किकुयोतली जेएएसएम. नावातला 'जे' जपानचा, कबूल. पण नावावरूनच ठरवायचं तर 'बॉम्बे डक' म्हणून बोंबलालाही पंख फुटतील. चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीचं ६ फेब्रुवारी २०२४ चं निवेदन वाचा. टोयोटा आत आल्यावरचे वाटे त्यातच दिलेत: टीएसएमसी सुमारे ८६.५ टक्के, सोनीची सेमीकंडक्टर कंपनी ६, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी डेन्सो ५.५, टोयोटा २. तिन्ही जपानी भागीदार मिळून साडेतेरा! सोनीला कॅमेऱ्याच्या सेन्सरसाठी, डेन्सो-टोयोटाला गाड्यांसाठी चिप लागतात. २०२१ च्या टंचाईत गाड्यांचं उत्पादन कसं अडलं ते त्यांनी भोगलंय. म्हणजे गिऱ्हाईकच भागीदार झालं. दुधाची ददात नको म्हणून डेअरीत थोडे पैसे घातले, तर म्हैस काही आपली होत नाही. आणि जेएएसएमचा शेअर बाजारात मिळतच नाही. टोयोटा घ्यायचाच तर गाड्या बघून घ्या.

'एक येनही नाही'? पहिल्याच कारखान्याला जपान सरकारने ४७,६०० कोटी येनपर्यंत अनुदान मंजूर केलं. दुसऱ्यासाठी ७३,२०० कोटींपर्यंत जाहीर केलं ते वेगळंच.

वेगाचं मात्र मान्य करावं लागेल. एप्रिल २०२२ मध्ये बांधकाम सुरू, २४ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन. रात्रंदिवस काम चाललं होतं. फक्त मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला डिसेंबर उजाडला.

राहिलं २ नॅनोमीटर. हा आकडा चिपच्या तंत्रज्ञानाच्या पिढीचा; जितका लहान, तितकी चिप प्रगत. किकुयोचा पहिला कारखाना २२/२८ आणि १२/१६ नॅनोमीटरचा. २ वाली कंपनी वेगळीच, रॅपिडस; ती पार उत्तरेला होक्काइदोत, चितोसेला. तिच्या मुळाशी टोयोटा, सोनीसह आठ जपानी कंपन्या आहेत खऱ्या, पण सुरुवातीला सगळ्यांनी मिळून घातले ७३० कोटी येन, आणि तंत्रज्ञानासाठी हात धरला अमेरिकेच्या आयबीएमचा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन कंपन्यांची खिचडी केलीय.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मग डेन्सो कसा आहे?"