‘जादा’ हा शब्द कुणी खाल्ला?

माझी भाची एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा रात्री साडेअकराला तिचा फोन: “मामा, वळणावर नुकसान शून्यच यायला हवं ना? माझ्या सिम्युलेशनमध्ये तसंच आलंय.” स्क्रीन दाखव म्हटलं. चांदी प्रकाश किती शोषते तो आकडा, म्हणजे पर्मिटिव्हिटीचा काल्पनिक भाग, तिने शून्य ठेवला होता. का, तर ग्रुपवर आलेल्या मेसेजशी उत्तर जुळत नव्हतं म्हणून!

मेसेज असा: “प्लाझ्मॉनिक वेव्हगाइडमध्ये प्रकाश काटकोनात वळला तरी काहीही वाया जात नाही. चिप तापणार नाही, फायबर भंगारात जाईल, संगणक हजारपट वेगवान होतील.”

वेव्हगाइड म्हणजे चिपवर प्रकाश वाहून नेणारी अरुंद वाट; ‘प्लाझ्मॉनिक’ म्हणजे तिच्या भिंती धातूच्या. पहिलं वाक्यच घेतो, सगळा डोलारा त्यावर उभा आहे. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉर्जिओस व्हेरोनिस आणि शानहुई फॅन यांनी संगणकावर गणित करून दाखवलं, की धातूच्या दोन भिंतींमधली फट तरंगलांबीच्या मानाने खूप अरुंद ठेवली, तर काटकोनी वळणामुळे म्हणण्यासारखं जादा नुकसान होत नाही. जादा! म्हणजे तेवढ्याच लांबीच्या सरळ वाटेवर जे जातं, त्याच्या वर काही जात नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका तोच शब्द खाल्ला.

वळणापुरतं मात्र मान्य करतो. लेझीम पथक चौकात वळतं तेव्हा कडेच्या मुलाला लांब ढांगा टाकाव्या लागतात, नाहीतर तो मागे पडतो. साध्या वेव्हगाइडच्या तीव्र वळणावर प्रकाशाच्या बाहेरच्या कडेचं तेच होतं. तिला पुरेसा वेग गाठता येत नाही आणि ती सुटून बाहेर निघून जाते. दोन्ही बाजूंना धातू असला की बाहेर जायला वाटच उरत नाही. पण तो धातूच प्रकाश खातो, त्याचं काय? प्लाझ्मॉन म्हणजे प्रकाशाबरोबर हेलकावणारे धातूतले इलेक्ट्रॉन. ते धडकतात आणि ऊर्जेची उष्णता होते, वाट सरळ असो की वाकडी. शिवाय फट जितकी अरुंद, तितका प्रकाशाचा जास्त वाटा धातूत शिरतो. ज्या अरुंदपणामुळे वळण जमतं, त्यामुळेच शोषण वाढतं.

समजा, अशा वाटेवर प्रकाशाचा पल्ला, म्हणजे जिथे तो साधारण एक-तृतीयांश उरतो ते अंतर, दहा मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) आहे. तेवढ्या अंतरावर ३७ टक्के उरतात, वीस मायक्रॉनवर साडेतेरा आणि पन्नासवर एक टक्कासुद्धा नाही. माणसाचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाची जाडी ओलांडायच्या आतच खेळ संपला. आणि तीव्र वळणासाठी धातूच हवा असंही नाही. २००४ मध्ये आयबीएमच्या व्लासोव्ह आणि मॅकनॅब यांनी सिलिकॉनच्या वेव्हगाइडवर प्रत्यक्ष मोजमाप केलं: एक मायक्रॉन त्रिज्येच्या काटकोनी वळणाला ०.०८६ डेसिबल (घट मोजायचं एकक), म्हणजे जेमतेम दोन टक्के. सरळ वाटेवर सेंटिमीटरला ३.६ डेसिबल. वरच्या हिशेबातला धातू दहा मायक्रॉनमध्येच ४.३ डेसिबल गिळतो.

‘चिप तापणार नाही’ हे तर सरळ उलटं आहे. सोन्याच्या नॅनोकणांवर प्रकाश टाकून कर्करोगाची गाठ तापवण्याचे प्रयोग होतात, ते याच शोषणाच्या जोरावर. फायबरबद्दल काय बोलायचं! किलोमीटरला ०.२ डेसिबल, पंधरा किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक. हजारपट वेग? तांब्याच्या तारेतला सिग्नलही प्रकाशाच्या वेगाच्या बऱ्याच जवळ धावतो, तिथे हजारपटीला जागा कुठे आहे?

प्लाझ्मॉनिक्स टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात २०१५ मध्ये दहा मायक्रॉन लांबीचा मॉड्युलेटर, म्हणजे प्रकाशावर माहिती चढवणारं उपकरण, करून दाखवला आहे. तिथे लांबीच इतकी कमी, की नुकसान सोसवतं. अशा कामासाठी ते खरोखर मोलाचं आहे आणि भाचीने त्यात पडावं असं मला मनापासून वाटतं. पण शून्य टाकून नव्हे.

जॉन्सन आणि ख्रिस्ती यांनी १९७२ मध्ये मोजून छापलेले चांदीचे आकडे तिला पाठवले. पाऊण वाजता नवा आलेख आला. रेषा वळणाच्या आधीपासूनच उतरत होती, वळणावर जेमतेम हलली आणि पुढे त्याच उताराने खाली गेली. खाली तिचा प्रश्न होता: “मामा, फट ५० ऐवजी १०० नॅनोमीटर करून बघू?”