रोस्तोवांचं खातं एनपीए

चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी चढायची हुक्की येते. कोणी कळसूबाई चढतं, कोणी लडाखला सायकल घेऊन जातं. माझ्या गुडघ्यांनी दोन्हीला एनओसी दिली नाही म्हणून मी टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' वाचायला घेतलं. बसून चढण्यासारखं तेवढंच होतं.

आता माझी वाचनाची पार्श्वभूमी सांगतो म्हणजे प्रकरणाचं गांभीर्य लक्षात येईल. मी एका पतपेढीत वसुलीला आहे. दहावीच्या गाइडनंतर मी जे काही मनापासून वाचलं ते म्हणजे दिवाळी अंकातलं राशिभविष्य, लग्नपत्रिका आणि लोकांचे कर्जाचे अर्ज. त्यातल्या त्यात कर्जाचे अर्ज कल्पनाशक्तीच्या बाबतीत सगळ्यात वरचढ, पण त्याला साहित्य म्हणत नाहीत असं कळलं.

माझा एक चुलतभाऊ आहे, वाचणारा. घरात तीन भिंती पुस्तकांच्या, चौथीला टीव्ही, तो बंद. तो म्हणाला, अरे आधी काहीतरी हलकं घे, एकदम हे झेपणार नाही, याला एक तयारी लागते. बायको म्हणाली, घे पण माळ्यावर ठेवायला जागा नाहीये. मुलगी म्हणाली बाबा त्याची समरी मिळते ऑनलाइन, दहा मिनिटांत होतं. तिघांचं ऐकून झाल्यावर मी घेतलं, कारण वसुलीत एक सवय लागते, समोरचा 'जमणार नाही' म्हणाला की आपण तिथेच खुर्ची ओढून बसायचं.

इंग्रजी भाषांतर. मॉड नवराबायकोने केलेलं. हजाराच्या वर पानं आणि अक्षर विम्याच्या अटींएवढं. माझी वाचायची जागा म्हणजे डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट, आणि त्यातही चौथी सीट. चौथ्या सीटवर माणूस अर्धाच बसलेला असतो, उरलेला अर्धा पॅसेजमध्ये. तिथे एका हातात ते धूड धरून दुसऱ्या हाताने पान उलटायचं म्हणजे शेजारच्याच्या नाकाला धोका. दोन-तीन नाकं थोडक्यात वाचल्यावर मी पुस्तक आमच्या पतपेढीखालच्या झेरॉक्सवाल्याकडे नेलं आणि म्हटलं याचे चार भाग कर आणि स्पायरल मार. त्याने कणा कापता कापता विचारलं, "एमपीएससी का?" मी म्हटलं नाही, असंच वाचतोय. "असंच म्हणजे डिपार्टमेंटल?" आमच्याकडे एवढं जाड पुस्तक माणूस परीक्षेशिवाय वाचतो यावर कोणाचाच विश्वास नाही. (चुलतभाऊ तो कापलेला कणा बघून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. वास्तविक मूळ कादंबरीचेच चार खंड आहेत, मी फक्त अंमलबजावणी केली.)

पण गंमत म्हणजे माझाही नव्हता विश्वास. पहिली पन्नास पानं मी हातात पेन्सिल धरून वाचली. जुलै 1805, पीटर्सबर्गला ॲना पावलोव्हना नावाच्या बाईंकडे पार्टी, बाईंना फ्लूसारखं काहीतरी झालंय तरी पार्टी चालूच, सगळे रशियन आणि बोलतायत फ्रेंच, नेपोलियनला शिव्या घालतायत त्याही फ्रेंचमध्येच. आणि मी प्रत्येक वाक्याखाली रेघ मारतोय, यावर प्रश्न येईल म्हणून. संदर्भासह स्पष्टीकरण द्या, अमुक कोण तमुकला म्हणाला, पात्रांचे स्वभावविशेष लिहा. शाळेने आपल्या डोक्यात एक पर्यवेक्षक कायमचा बसवलेला असतो, तो शाळा सुटली तरी जात नाही, मागून येरझाऱ्या घालत राहतो. पार्टी संपेपर्यंत माझी पेन्सिल झिजली आणि कोण कोणाचा जावई ते काही कळलं नाही.

नावांनी तर पिसंच काढली. पाचशेच्या वर पात्रं आहेत म्हणे, आणि एकेकाला तीन-चार नावं. बापाचं नाव मधे लावायची पद्धत आपल्यासारखीच, म्हणजे इल्याची मुलगी ती नताल्या इल्यिनिच्ना, पण घरात नताशा. इथपर्यंत ठीक, आपल्याकडेही पत्रिकेत अनिरुद्ध आणि घरात बाळ्या असतोच. पण बाळ्या एका पानावर बाळ्या, दुसऱ्यावर काउंट आणि तिसऱ्यावर नुसता 'तो तरुण अधिकारी' झाला की माणसाने करायचं काय. शेवटी मी जे मला येतं तेच केलं. पतपेढीचं जुनं कोरं रजिस्टर होतं, त्यात सगळ्यांची केवायसी करून टाकली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, घरातलं नाव, नातेसंबंध, मालमत्ता, थकबाकी.

आणि तो शेवटचा रकाना आखला तिथून माझं नशीब फिरलं. कारण रकाना भरायला लागला ना भाऊ!

रोस्तोव कुटुंब. मॉस्कोचं मोठं घराणं, काउंट इल्या रोस्तोव म्हणजे देवमाणूस, म्हणजे आमच्या धंद्यात ज्याला बघितल्यावर पोटात गोळा येतो तसला. सुरुवातीलाच एका गरीब मैत्रिणीच्या मुलाच्या युनिफॉर्मसाठी बायको याच्याकडे पाचशे रुबल मागते, तर हा मॅनेजरला हाक मारून सातशे आणायला सांगतो, वर म्हणतो मागच्यासारख्या मळक्या फाटक्या नोटा आणू नकोस, कोऱ्या आण, काउंटेसला द्यायच्यात. मी ते वाक्य वाचलं आणि मुलुंडला उठून उभा राहिलो. असे खातेदार मी ओळखतो! असा माणूस कोऱ्या नोटांतच बुडतो आणि त्याचं खातं एनपीए, म्हणजे थकीत होतं. मी रजिस्टरमध्ये 'मितेंका, मॅनेजर, लक्ष ठेवणे' असं लाल पेनने लिहिलं.

बरोब्बर. पुढे 1810 च्या सुमाराला घराची पार वाट लागलेली असते, तेव्हा मोठा मुलगा निकोलाय फौजेतून सुट्टीवर येतो आणि तावातावाने मितेंकाकडे हिशोब मागतो. आरडाओरडा, शिवीगाळ, मानगूट धरून बाहेर काढतो त्याला. मी मनात म्हटलं शाब्बास. दुसऱ्या दिवशी बाप हळूच म्हणतो, बाळा, ते सातशे रुबल जमेला धरले नाहीत म्हणून तू चिडलास ना, पण ते पुढच्या पानावर कॅरी फॉरवर्ड केले होते, तू ते पान बघितलंच नाहीस.

ऑडिटमध्ये आयुष्य गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, याहून खरं वाक्य जगाच्या साहित्यात असेल तर दाखवा म्हणावं. आणि परत सातशेच! हे तेच सातशे असणार असा मला दाट संशय आहे. टॉलस्टॉय काही बोलत नाही, समीक्षकही काही बोलत नाहीत. पुढे तोच निकोलाय आईकडची दोन हजारांची प्रॉमिसरी नोट फाडून टाकतो, कारण मित्राची आई गरीब आहे. आई आनंदाने रडते. मीही रडलो, कारण वेगळं.

हे सगळं होईपर्यंत माझी पेन्सिल कुठे गेली मला माहीत नाही.

चुलतभाऊ मात्र दर फोनला एकच विचारायचा, "आकाश आलं का?" म्हणजे ऑस्टरलिट्झच्या लढाईत प्रिन्स आंद्रेई जखमी होऊन उताणा पडतो आणि त्याला वर ते उंच आकाश दिसतं, ते. मोठा प्रसंग आहे, सगळे त्याबद्दल बोलतात. मला आकाश आलं ते कुर्ला आणि सायनच्या मधे गाडी थांबली होती तेव्हा. खरंच चांगलं आहे, खोटं कशाला बोला, मी दोनदा वाचलं. पण त्या आकाशाखाली कोणाची किती थकबाकी आहे ते कळत नाही, म्हणून माझा जीव काही तिथे रमला नाही.

माझा जीव रमला तो पत्त्यांत. आमच्या डब्यात रमीवाल्यांचा ग्रूप आहे, गुडघ्यांवर ब्रीफकेस, त्यावर पेपर, ठाण्याला पत्ते वाटून होतात. त्यांना माझ्या स्पायरलबद्दल कुतूहल होतं, म्हणून मी एकदा सांगितलं. निकोलायला बापाने दोन हजार दिलेत, म्हटलंय आता मे महिन्यापर्यंत मागू नकोस. हा जातो दोलोखोव नावाच्या मित्राबरोबर पत्ते खेळायला. दोलोखोवने मनात आधीच ठरवलंय की याला 43 हजाराला बुडवायचा, कारण 43 म्हणजे त्याचं स्वतःचं आणि सोन्याचं वय मिळून. सोन्या म्हणजे ती मुलगी, जिने दोलोखोवला नाही म्हटलंय आणि जिचं निकोलायवर प्रेम आहे.

रमी थांबली. खरंच थांबली, हातातले पत्ते हातात. "मग?"

मग बुडाला. बरोब्बर 43 हजार. घरी जातो तर बहीण नताशा गातेय, आणि ती वरचा सूर लावते तेव्हा हा कर्जबिर्ज सगळं विसरून जातो क्षणभर. नंतर बापाला जाऊन सांगतो, ते कसं, तर बाहेर जायला गाडी मागावी तशा आवाजात. बाबा, थोडे पैसे लागतील. किती? 43 हजार.

"अरे मधेच उठायचं ना, गाढवा!" रमीवाल्यांतले काका ओरडले. हे निकोलायला. एक जण म्हणाला उधारीवर खेळवलंच का त्याने, तारण काय होतं? खिडकीतला गुजराती मुलगा शांतपणे म्हणाला की लिहिणारा माणूस स्वतः खेळलेला असणार, त्याशिवाय असं येत नाही. पोरगं हुशार. टॉलस्टॉय तरुणपणी अट्टल जुगारी होता, यास्नाया पोल्यानातलं ज्या घरात तो जन्मला ते मोठं घर विकलं गेलं, विकत घेणाऱ्याने सुटं करून नेलं आणि ते पैसे याने पत्त्यांत घालवले. मी हे सांगितल्यावर काकांनी ब्रीफकेस मिटली आणि भायखळ्यापर्यंत कोणी बोललं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मला हजेरी द्यावी लागते. मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी होणारा जावई बर्ग हुंड्यासाठी अडून बसतो, वीस हजार रोख आणि ऐंशी हजारांची नोट घेतो, त्या दिवशी डब्यात फार कडक भाषा वापरली गेली. नंतर नेपोलियन मॉस्कोच्या वेशीवर आलेला असताना, लोक सामान टाकून पळत असताना, रोस्तोव आपल्या गाड्या जखमी सैनिकांना देत असताना, हा बर्ग येऊन सांगतो की बाजूला एक कपाट स्वस्तात मिळतंय, न्यायला एक माणूस द्या. "आहे, असा एक जण आहे आमच्यात," काका म्हणाले, आणि सगळ्यांनी एकदम घाटकोपरला चढणाऱ्या मेहुण्यांकडे बघितलं.

म्हातारा काउंट वारला तेव्हा कर्ज निघालं मालमत्तेच्या दुप्पट. वारसा नाकारायची सोय होती, सगळे सांगत होते नाकार, पण निकोलाय म्हणाला बापाचं नाव आहे. मग न आवडणारी सरकारी नोकरी, लहानसं घर, आणि लग्नानंतर चार वर्षांत उरलेली सगळी फेड, बायकोची इस्टेट न विकता. मी रजिस्टरमध्ये 'खाते बंद' असा शिक्का मारला. घरचाच शिक्का आहे, पतपेढीचा नाही. तीस हजार बहिणीच्या नवऱ्याने दिले होते, म्हणजे पिएरने, तेही फेडले. साहेबांना मी हे जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तर ते म्हणाले अशी माणसं कादंबरीतच असतात, आणि 101 च्या, म्हणजे सहकार कायद्यातल्या त्या कलमाच्या वसुली दाखल्यांची फाइल माझ्याकडे सरकवली.

सगळ्यात शेवटी एक उपसंहार आहे, त्यात बारा प्रकरणं नुसतं इतिहास म्हणजे काय यावर भाषण. रोस्तोव नाहीत, पिएर नाही, कोणीच नाही, घेणं नाही देणं नाही. "आज कोणाचं काय?" काकांनी विचारलं. म्हटलं आज कोणीच नाही, आज टॉलस्टॉय एकटाच बोलतोय. "मग त्याला बोलू दे," असं म्हणून त्यांनी पत्ते पिसले. मी वाचतोय ते, सावकाश, घाई नाही.

पुढचं दोस्तोयव्हस्की घ्यायचं ठरलंय, 'कारामाझोव्ह बंधू'. त्यात तीन हजार रुबल कुठून आले आणि कुठे गेले यावरून आख्खा खुनाचा खटला उभा राहतो असं ऐकलंय. झेरॉक्सवाल्याला सांगून ठेवलंय. काकांचा एकच प्रश्न आहे, पावती होती का.